मूत्रपिंडातील दाब, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि औषधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन थिएटरमधील परिचारिका म्हणून काम करताना, मुतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सलाईनची पिशवी टांगणे आणि ‘अजून पाणी’ असे सांगितले गेले की ती दाबणे, हे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. त्या पाण्याचा मूत्रपिंडावर किती भार पडतो, हे मला बऱ्याच उशिरा उमगले, आणि तेव्हापासून मी हा विषय मन लावून वाचत आले आहे. गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे विषय समजावा म्हणून लिहिली आहेत. कोणते औषध, किती आणि कधी घ्यायचे, हे तुमची फाईल पाहणाऱ्या युरोलॉजिस्टनीच (मूत्रविकारतज्ज्ञांनीच) ठरवायचे असते.

१. दुर्बिणीने खडा काढताना मूत्रपिंडातील दाब वाढतोच कसा? पोट तर उघडत नाहीत.

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी प्रथम नरसाळ्याच्या आकाराच्या एका पोकळीत जमते. तिला द्रोणी म्हणतात. तेथून ती मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. मूत्रवाहिनी सुमारे २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते, पण तिची आतली रुंदी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर असते. लघवीच्या मार्गाने वर मूत्रपिंडापर्यंत जाणारी लवचिक दुर्बीण साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. लेसरने खडा फोडताना भुकटी उडते, थोडे रक्तही येते, आणि त्यामुळे समोरचे दिसेनासे होते. म्हणून दुर्बिणीतूनच सतत सलाईन सोडावे लागते. हे पाणी आत सहज जाते, पण बाहेर पडायला त्याला दुर्बीण आणि मूत्रवाहिनीची भिंत यांच्यामधली चिंचोळी फट तेवढी उरते. खाजन शेती पाहिलेल्यांना हे लगेच कळेल: मानशीचे, म्हणजे बांधातून पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपेचे, दार अडकले की आत आलेले पाणी बांधावर चढू लागते. मूत्रपिंडाचा बांध मात्र फार नाजूक असतो.

२. किती दाब म्हणजे जास्त दाब? आणि तो वाढला तर नेमके काय होते?

एरवी द्रोणीतील दाब साधारणपणे १० ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. तो सुमारे ३० ते ३५ च्या वर गेला की द्रोणीतील द्रव उलट दिशेने, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाभ्यात, शिरांमध्ये आणि लसीकावाहिन्यांमध्ये शिरू लागतो. त्या द्रवात जंतू किंवा जंतूंचे विष असेल, तर ते थेट रक्तात पोहोचते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रात्री हुडहुडी भरून ताप येतो, क्वचित रक्तदाब कोसळतो आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यावे लागते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. दाब फारच वाढला तर पोकळीचा कोपरा फाटू शकतो, किंवा मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रक्त साचू शकते.

३० हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. दाब क्षणभर ५० झाला आणि उतरला, तर एखादा धडधाकट रुग्ण तो सहन करतो. तोच दाब तासभर टिकला आणि लघवीत जंतू असले, तर गोष्ट वेगळी होते. उंची आणि कालावधी या दोन्हींचा हिशेब धरावा लागतो.

३. मग पाणीच कमी सोडावे. त्यासाठी औषध कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझे स्वतःचे मत असे की पहिले उत्तर पाण्यातच आहे. औषध त्यानंतर येते.

गणित सोपे आहे. सलाईनची पिशवी रुग्णाच्या मूत्रपिंडापेक्षा १०० सेंटीमीटर उंच टांगली आणि पाणी बाहेर पडायला वाट उरली नाही, तर आतील दाब सुमारे ७३ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढू शकतो. तीच पिशवी ६० सेंटीमीटरवर आणली तर मर्यादा ४४ वर येते, आणि ४० सेंटीमीटरवर आणली तर ती २९ च्या आसपास राहते. पिशवीभोवती दाबपट्टा बांधला, किंवा हातपंपाने अथवा सिरिंजने पाणी मारले, तर उंचीचे हे गणित कोलमडते. त्या क्षणी दाब १०० च्या पुढे, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट गेल्याचे मोजमापांत आढळले आहे. धूसर दिसू लागले की पंप जोरात दाबण्याचा मोह होतो, आणि तेव्हा हात आवरणे हे थिएटरमधील प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

दुसरा उपाय म्हणजे बाहेरची वाट रुंद करणे. त्यासाठी मूत्रवाहिनीत शीथ नावाची पोकळ नळी घालतात आणि दुर्बीण तिच्यातून नेतात, म्हणजे पाणी दुर्बिणीच्या बाजूने परत येते. अलीकडच्या काही शीथना शोषण्याची सोय असते, त्यामुळे पाण्याबरोबर खड्याची भुकटीही ओढली जाते. पण पाणी फार कमी केले तर दिसत नाही. न दिसता लेसर चालवणे धोक्याचे, आणि हळूहळू काम केल्याने वेळ लांबणे हेही धोक्याचे. ही दोन टोके सांभाळताना मूत्रवाहिनीच थोडी सैल करता आली तर फायदा होतो, आणि औषधाचा विचार येथून सुरू होतो.

४. औषध दाब कमी करते म्हणजे प्रत्यक्षात काय करते?

मूत्रवाहिनी ही नुसती नळी नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात. ते लाटेसारखे आकुंचन पावून लघवी खाली ढकलतात, आणि दुर्बिणीसारखी परकी वस्तू आत शिरली की चिडून आवळले जातात. हे स्नायू आपल्या इच्छेने चालत नाहीत. भूल दिल्यावर हातपाय सैल पडतात, पण मूत्रवाहिनी तितकीच सैल पडेल असे धरून चालता येत नाही.

या स्नायूंवर दोन प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे शरीरातील रसायनांचा किंवा औषधाचा संदेश झेलणारे बिंदू) महत्त्वाचे आहेत. अल्फा ग्राहक चेतवले की स्नायू आवळतात, आणि ते विशेषतः मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात जास्त असतात. बीटा ग्राहक चेतवले की स्नायू सैलावतात. त्यामुळे औषधाचे दोन मार्ग होतात: अल्फा अडवणे किंवा बीटा चेतवणे. दोन्हींमुळे मूत्रवाहिनी थोडी रुंद होते, फट वाढते, पाणी परत येऊ लागते आणि दाब उतरतो. औषध पाण्याची आवक कमी करत नाही. ते फक्त जावक मोकळी करते. हा फरक लक्षात राहिला तर पुढची बरीच उत्तरे आपोआप समजतील.

५. शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन लिहून दिले आहे. ते यासाठीच का?

बहुधा होय, पण थेट दाबासाठी नव्हे. ही दोन्ही अल्फा अडवणारी औषधे आहेत. टॅमसुलोसिन सामान्यतः ०.४ मिलिग्रॅम आणि सिलोडोसिन ८ मिलिग्रॅम रोज एकदा दिले जाते. शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस ती घेतल्याने दुर्बीण आणि शीथ कमी जोर लावून आत जाते. शीथ नीट बसली की पाण्याला वाट मिळते आणि त्यामुळे दाब कमी राहतो. म्हणजे फायदा होतो, पण वळसा घालून.

शीथ सहज जाणे इतके महत्त्वाचे का, हे एका अभ्यासावरून कळते. फ्रान्समधील शल्यविशारदांनी २०१३ साली ३५९ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ४६.५ टक्के रुग्णांच्या मूत्रवाहिनीला शीथमुळे कमी-अधिक इजा झालेली दिसली. बहुतेक इजा वरवरच्या होत्या, पण सुमारे १३ टक्के रुग्णांत त्या खोल होत्या. नंतर २०१८ साली दक्षिण कोरियातील एका यादृच्छिक चाचणीत (म्हणजे कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेल्या चाचणीत) असे दिसले की आधी अल्फा अडवणारे औषध दिल्यास शीथ घालायला लागणारा जोर कमी होतो. तो जोर सुमारे ६०० ग्रॅमच्या आत ठेवावा, असेही त्या संशोधकांनी सुचवले. त्यामुळे आठवडाभराची गोळी क्षुल्लक समजून मध्येच बंद करू नये.

६. पाण्यातून देण्याचे औषधही असते असे ऐकले. ते कोणते?

त्याचे नाव आयसोप्रेनालिन, ज्याला आयसोप्रोटेरेनॉल असेही म्हणतात. हृदयाचे ठोके फार मंदावले तर ते वाढवण्यासाठी हे इंजेक्शन वापरले जाते. ते बीटा ग्राहक चेतवते, म्हणूनच मूत्रवाहिनीही सैलावते.

डेन्मार्कमधील युरोलॉजिस्टनी या कल्पनेवर अनेक वर्षे चिकाटीने काम केले. आधी डुकरांवर प्रयोग झाले, कारण त्यांचे मूत्रपिंड माणसाच्या मूत्रपिंडाशी बरेच मिळतेजुळते असते. त्यानंतर २००८ साली १२ रुग्णांवरील यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. लवचिक दुर्बिणीतून मिनिटाला ८ मिलिलिटर वेगाने द्रव सोडला गेला. काहींना साधे सलाईन, तर काहींना दर मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आयसोप्रेनालिन मिसळलेले सलाईन दिले. औषध मिसळलेल्या गटात द्रोणीतील दाब स्पष्टपणे कमी राहिला, आणि हृदयाच्या ठोक्यांवर व रक्तदाबावर त्रासदायक परिणाम दिसला नाही.

मात्रा किती सूक्ष्म आहे ते पाहा. या प्रमाणात एका लिटर सलाईनमध्ये अवघे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग औषध असते. ते प्रामुख्याने जेथे पोहोचते तेथेच काम करते, आणि जे थोडे रक्तात जाते त्याचा प्रभाव काही मिनिटांत ओसरतो. नुसत्या कल्पनेच्या दृष्टीने मला ही पद्धत सर्वांत सुंदर वाटते: जे पाणी दाब वाढवते, त्याच पाण्यातून दाब उतरवणारे औषध जाते.

७. इतके चांगले असेल तर आमच्या इस्पितळात ते का वापरत नाहीत?

एखादे इस्पितळ ते वापरत नसेल, तर त्याला निष्काळजीपणा समजू नये. मानवी चाचण्या लहान आहेत. दाब कमी होतो हे दिसले आहे, पण त्यामुळे ताप आणि सेप्सिस (रक्तात पसरलेला जीवघेणा संसर्ग) किती प्रमाणात टळतात हे ठरवायला फार मोठी रुग्णसंख्या लागते. शिवाय दुर्बिणीच्या पाण्यात घालण्यासाठी म्हणून या औषधाला मान्यता मिळालेली नाही. तसा वापर डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, रुग्णाला सांगून आणि भूलतज्ज्ञाच्या सहमतीने करतात. मिश्रण थिएटरमध्येच तयार करावे लागते, आणि मायक्रोग्रॅमच्या हिशेबात दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. परिचारिका म्हणून मला सर्वांत जास्त धास्ती याच गोष्टीची वाटते. दोघांनी स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय आणि पिशवीवर ठळक चिठ्ठी लावल्याशिवाय असे मिश्रण टांगले जाऊ नये.

दुसरे कारण असे की प्रश्न ३ मधील साधे उपाय नीट पाळले तर अनेक रुग्णांत दाब आटोक्यात राहतो.

८. मिराबेग्रॉन हे मूत्राशयाचे औषध आहे ना? ते मूत्रपिंडासाठी का दिले?

मिराबेग्रॉन मुख्यतः वारंवार आणि घाईने लघवी लागण्याच्या त्रासावर दिले जाते. ते बीटा-३ ग्राहक चेतवते, आणि ते ग्राहक मूत्रवाहिनीतही असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी मूत्रवाहिनी सैल करण्यासाठी काही डॉक्टर ते निवडतात, विशेषतः ज्यांना अल्फा अडवणारी औषधे सोसत नाहीत अशांसाठी. त्याचा नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅम असतो. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल आणि आटोक्यात नसेल, तर ते देत नाहीत. उच्च रक्तदाबाची गोळी चुकवण्याची सवय असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

९. शेजाऱ्यांना याच गोळ्या दिल्या होत्या. फार्मसीतून आणून मीही सुरू करू का?

करू नका. अल्फा अडवणाऱ्या औषधांनी उठताना रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. वयस्कर माणूस पहाटे बाथरूमला जाताना पडला, तर मुतखडा बाजूला राहून खुब्याचे हाड मोडण्याची पाळी येते. रक्तदाबाची इतर औषधे किंवा लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलसारखी गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो. मूत्रपिंडाचे कार्य मध्यम प्रमाणात घटले असेल तर सिलोडोसिनची मात्रा कमी करावी लागते, आणि ते फार घटले असेल तर ते देतच नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा केटोकोनाझोलसारखे बुरशीविरोधी औषध बरोबर घेतल्यास सिलोडोसिनचे रक्तातील प्रमाण वाढते. शेजाऱ्यांची गोळी त्यांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून दिलेली होती, तुमच्या नव्हे.

१०. आईच्या नावावर ‘प्रोस्टेटची गोळी’ लिहिली आहे. चूक झाली आहे का?

नाही. टॅमसुलोसिन प्रोस्टेटसाठी प्रसिद्ध झाले, पण स्त्रियांच्या मूत्रवाहिनीतही अल्फा ग्राहक असतात. मुतखड्यासाठी त्याचा वापर स्त्री असो वा पुरुष, मान्यतापत्रात छापलेल्या उपयोगाच्या बाहेरचा असला तरी युरोलॉजीत तो सर्रास होतो. खोक्यातील माहितीपत्रकात ‘पुरुषांसाठी’ असे वाचून अनेक घरांत गोळी परस्पर बंद केली जाते. शंका आली तर बंद करण्याआधी इस्पितळात विचारावे.

११. पतीला सिलोडोसिन सुरू केल्यापासून वीर्य बाहेर येत नाही. हे कायमचे आहे का?

नाही. हा या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. चाचण्यांत सुमारे २८ टक्के पुरुषांत तो दिसला आहे. मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैलावल्याने वीर्य मागे मूत्राशयात जाते किंवा फार कमी येते. त्यापासून इजा होत नाही, आणि औषध थांबल्यावर सर्व पूर्ववत होते. जे जोडपे मूल होण्याची वाट पाहत आहे, त्यांनी मात्र हे आधी सांगावे. हा प्रश्न बहुतेक वेळा पत्नी विचारते आणि पती गप्प राहतो, म्हणून औषध लिहून देतानाच डॉक्टरांनी तो विषय काढावा असे मला मनापासून वाटते.

१२. पुढच्या महिन्यात बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. या गोळीने काही फरक पडतो का?

पडतो, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अल्फा अडवणारी औषधे, त्यातही टॅमसुलोसिन, बाहुलीभोवतीच्या पडद्याचे स्नायूही सैल करतात, आणि मोतीबिंदू काढताना तो पडदा ढिला पडून फडफडतो. ही अवस्था २००५ साली प्रथम वर्णिली गेली. गोळी काही दिवस आधी बंद केल्याने धोका पूर्ण टळतो असेही नाही. नेत्रशल्यविशारदाला आधी कळले तर तो तयारीनिशी काम करतो. म्हणून ‘कधीतरी घेतली होती’ एवढेही सांगावे. शक्य असल्यास मोतीबिंदू आधी आणि गोळी नंतर असा क्रम दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावा.

१३. मला हृदयविकार आहे आणि बीटा-ब्लॉकर चालू आहे. मला ही औषधे चालतील का?

येथे औषधानुसार उत्तर बदलते. प्रश्न ६ मधील आयसोप्रेनालिन बीटा ग्राहक चेतवते, तर बीटा-ब्लॉकर तेच ग्राहक अडवते. प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखे एकाहून अधिक प्रकारचे बीटा ग्राहक अडवणारे औषध चालू असेल, तर पाण्यातील आयसोप्रेनालिनचा गुण कमी पडण्याचा संभव असतो. दुसरीकडे, ज्यांच्या हृदयाची लय बिघडते किंवा ज्यांना अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणे) आहे, त्यांच्या बाबतीत आयसोप्रेनालिनबद्दल फार सावध राहावे लागते, कारण थोडेसे औषध रक्तात शिरले तरी ठोके वाढू शकतात.

यावरून कोणी स्वतःच बीटा-ब्लॉकर बंद करू नये. ते अचानक थांबवणे हृदयासाठी धोक्याचे असते. भूलतज्ज्ञाच्या तपासणीच्या दिवशी सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून नेणे ही सर्वांत उपयोगी सवय आहे.

१४. आधीच डबल-जे स्टेंट घातलेला आहे. तरीही औषध लागते का?

बऱ्याचदा लागत नाही. स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली बारीक नळी, एक-दोन आठवडे राहिला की मूत्रवाहिनी आपोआप रुंदावते. प्रश्न ५ मधील २०१३ च्या अभ्यासातही आधी स्टेंट असलेल्या रुग्णांत खोल इजेचा धोका पुष्कळ कमी आढळला. त्या रुंदावलेल्या वाटेने पाणीही सहज परतते.

गोंधळ येथे होतो: स्टेंट असताना टॅमसुलोसिन किंवा मिराबेग्रॉन दिले, तर ते बहुधा स्टेंटची जळजळ आणि वारंवार लघवी लागणे कमी व्हावे म्हणून दिलेले असते. गोळी तीच असली तरी तिचा हेतू वेगळा असतो. तुमची गोळी कोणत्या हेतूने दिली आहे ते विचारून घ्या, म्हणजे ती कधी थांबवायची तेही कळेल. स्टेंट काढण्याची तारीख मात्र कोणत्याही कारणाने विसरू नका. चतुर्थीची गडबड, घरातील लग्न अशा निमित्ताने महिनोन्‌महिने राहून गेलेल्या स्टेंटवर खडे जमतात आणि मग तो काढणे हीच एक शस्त्रक्रिया होऊन बसते.

१५. लघवीत जंतू आहेत. दाब कमी करणारे औषध देऊन शस्त्रक्रिया लगेच करता येईल का?

नाही, आणि या पानावरील सर्व उत्तरांत हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दाब कमी राहिला तरी तो शून्य होत नाही, आणि थोडा जंतूमिश्रित द्रव रक्तात गेला तरी तोही संसर्गाला पुरेसा ठरू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी लघवीचे कल्चर (जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी) करून, जंतू असल्यास योग्य प्रतिजैविकाने उपचार करणे ही अट औषधाने टळत नाही.

खड्याने वाट अडली आहे आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, अशी स्थिती असेल तर खडा फोडण्याची वेळच ती नव्हे. तेव्हा स्टेंट घालून किंवा पाठीतून बारीक नळी घालून तुंबलेली लघवी आधी वाहती करतात, आणि खडा संसर्ग आटोक्यात आल्यावर काढतात. असा रुग्ण घरी असेल तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

यातला अवघड अपवाद असा की कल्चर निर्दोष आले तरी खड्याच्या पोटात जंतू दडलेले असू शकतात. कल्चर मूत्राशयातील लघवीचे असते, तर खडा वर अडकलेला असतो. मधुमेही रुग्ण, मोठा खडा आणि पूर्वी वारंवार झालेला संसर्ग असे योग जुळले तर दाबाची काळजी अधिकच घ्यावी लागते.

१६. मला एकच मूत्रपिंड आहे. माझ्यासाठी नियम वेगळे का?

नियम तेच असतात, पण चुकीला वाव कमी असतो. पिशवी खाली टांगणे, शीथ वापरणे आणि वेळ आवरती ठेवणे यांवर डॉक्टर जास्त कटाक्ष ठेवतात. खडा मोठा असेल तर एकाच बैठकीत हट्टाने संपवण्यापेक्षा दोन बैठका करणे हे शहाणपणाचे ठरते. दुसऱ्या बैठकीला अपयश समजू नये.

१७. पाठीतून छिद्र पाडून करतात त्या पीसीएनएलमध्येही हा प्रश्न येतो का?

येतो, पण कमी. नेहमीच्या पीसीएनएलमध्ये पाठीतून ८ ते १० मिलिमीटर रुंदीची नळी असते आणि पाणी तिच्यातून धो-धो बाहेर येते. मिनी प्रकारात नळी बारीक असल्याने दाब पुन्हा वाढू शकतो. तेथे मूत्रवाहिनी सैल करण्याने फारसे साधत नाही, कारण पाण्याची मुख्य वाट पाठीतून असते.

१८. डायक्लोफेनॅक, ड्रोटाव्हेरिन, लघवी वाढवणारी गोळी, कुळथाचे सार: यांपैकी कशाने हा दाब कमी होतो?

डायक्लोफेनॅक कळ थांबवते, त्यामागे एक कारण असे की ते मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह आणि लघवीची निर्मिती थोडी कमी करते, त्यामुळे अडलेल्या वाटेमागचा दाब उतरतो. पण शस्त्रक्रियेत दाब वाढतो तो बाहेरून सोडलेल्या पाण्यामुळे, त्यावर या गोळीचा उपाय चालत नाही. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल तर ती अपायही करते. ड्रोटाव्हेरिनने कळ कमी होऊ शकते, पण शस्त्रक्रियेतील दाबासाठी त्यावर भिस्त ठेवत नाहीत. लघवी वाढवणारे औषध तर आवकच वाढवते, म्हणून दाब कमी करण्यासाठी ते उलट दिशेचे आहे.

कुळथाचे सार आपल्याकडे घरोघरी मुतखड्यावर देतात. जेवणात ते जरूर घ्यावे, पण मूत्रपिंडातील दाबावर त्याचा उपयोग नाही, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी ‘सार तर आहे, अन्न थोडेच’ असे म्हणून ते पिऊ नये. भूल देताना पोट रिकामे असणे जिवाशी निगडित असते.

१९. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ही औषधे देतात का?

गरोदरपणी दाब कमी करण्यासाठी म्हणून ही औषधे सहसा दिली जात नाहीत. वाट अडली असेल तर स्टेंट किंवा नळीचा मार्ग आधी पाहिला जातो. मुलांच्या मूत्रवाहिन्या फार अरुंद असल्याने शस्त्रक्रियेआधी टॅमसुलोसिन दिल्याचे अनुभव आहेत, पण तो निर्णय आणि मात्रा लहान मुलांच्या युरोलॉजीचा सराव असलेल्या डॉक्टरांनीच ठरवावी.

२०. शस्त्रक्रिया चालू असताना दाब मोजता येतो का?

येतो. टोकाला दाबमापक बसवलेल्या दुर्बिणी अलीकडे आल्या आहेत, आणि पडद्यावर आकडा सतत दिसतो. पूर्वी संशोधनासाठी वेगळी बारीक नळी घालून मोजत असत. मापक नसले तरी अनुभवी हातांना खुणा कळतात: पिशवी भराभर रिकामी होते आहे आणि शीथमधून मात्र थेंब थेंब पडतो आहे, तर पाणी आतच साठते आहे. शीथच्या तोंडाकडे पाहत राहणारी एक व्यक्ती थिएटरमध्ये असावी, हा माझा आग्रह आहे.

२१. डॉक्टरांना काय विचारावे? जास्त विचारले तर ते रागावतील अशी भीती वाटते.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) असो, जिल्हा इस्पितळात असो वा खासगी ठिकाणी, सल्लागारापुढे वेळ थोडा असतो, हे खरे आहे. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. लघवीच्या कल्चरचा अहवाल आला का, शीथ वापरणार का, आधी दिलेली गोळी कशासाठी आहे आणि कधी थांबवायची, काम अंदाजे किती वेळ चालेल आणि खडा एका बैठकीत न संपल्यास पुढे काय, एवढे विचारले तरी पुरे. आयसोप्रेनालिनची मागणी रुग्णाने करू नये. ते वापरणार असतील तर त्याबद्दल समजावून सांगण्याची विनंती मात्र करावी.

खर्चाचा प्रश्न असल्यास गोवा सरकारच्या दीन दयाल स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड सोबत न्यावे. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरवलेले होते. तुमची शस्त्रक्रिया आणि त्यातील साहित्य त्यात बसते का, हे भरती होण्याआधीच विचारून घ्यावे.

२२. घरी आल्यावर कोणत्या लक्षणांनी लगेच परत जावे?

लघवी एक-दोन दिवस गुलाबी दिसणे, लघवी करताना कमरेत कळ येणे हे स्टेंट असताना अपेक्षित असते. थंडी वाजून ताप, ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलेले तापमान, लघवी थांबणे किंवा गाठी पडणे, असह्य पोटदुखी, धाप, बरळणे किंवा अंग गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर पॅरासिटामॉल देऊन उद्यावर ढकलू नये. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस त्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात. काणकोण, सांगे, सत्तरी अशा दूरच्या तालुक्यांतील रुग्णांनी शक्य असेल तर पहिली रात्र इस्पितळातच किंवा जवळच्या नातलगांकडे काढावी. डिस्चार्जच्या कागदावर रात्री उचलला जाणारा फोन नंबर लिहून घ्यावा, आणि रुग्णाबरोबर झोपणाऱ्या माणसाजवळ थर्मामीटर असावा.